ओठावरची आग

पुंता अरेनासला जुलैत दहा वाजता उजाडतं.
तोवर रात्रपाळीत मी चारदा त्याचं तोंड पुसते :
नळीच्या डावीकडून, मग उजवीकडून,
टाळूला, जिभेखाली,
पडलेल्या तीन दातांच्या जागी.
बिछाना सहा. एलेउतेरियो ओयार्सो, सदुसष्ट,
आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली.
नखांच्या कडांना अजून त्या लोकरीचं तेल.
आमच्या साबणाला ते दाद देत नाही.

बाराव्या रात्री ओठाच्या कोपऱ्यात,
फीत घासते तिथेच,
पाच-सहा फोड, मोहरीएवढे, पाण्याने टचटचलेले.
नोंदवहीत 'घर्षण' लिहिलं.
खोडलं.
आमच्याकडे ह्याला आग म्हणतात.
ओठावर आग आली की ताप निघून गेला समजायचं.
ह्याचा ताप कुठेच गेला नव्हता.

फ्लू एव्हाना ओसरलेला, कागदावर तरी.
फुप्फुसं मात्र ऐकेनात,
रोज यंत्राचा आकडा दोन घरं वर.
पालथा केला, उताणा केला, पुन्हा पालथा.
डॉक्टर मारीन्कोविचनी श्वासनळीतला चिकट थेंब तपासायला धाडला,
आणि पहाटे, म्हणजे मिट्ट काळोखात, फोन :
हर्पिस. भरपूर.

बाहेरून कोणी आलं नव्हतं.
दार आम्ही केव्हाच लावून घेतलं होतं.

डॉक्टर उभ्याउभ्या गार पाव खात म्हणाले,
"हा आग लावणारा, की आग बघायला आलेला?
पुस्तकं दोन्ही बाजूंनी बोलतात."
मग पावाचा तुकडा खिशात ठेवून
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

बहीण क्वेम्चीहून आली. आधी बोट, मग बस, मग वाऱ्याने अडलेली बस.
एर्मिंदा. काचेपलीकडे, कोट न काढता.
मी विचारलं, आग ह्यांना आधीही यायची?
"वारा लागला की. लहानपणापासून.
आईला यायची ना.
ओहोटीला शिंपल्या वेचून परतायची,
हात असे बर्फ, की आम्हाला लावायची नाही,
पाठीमागे धरायची,
आणि नुसत्या तोंडाने पापा घ्यायची. इथे."
तिने स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं.
"हा चार वर्षांचा होता ती बुडाली तेव्हा.
ह्याला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही."

त्रेसष्ट वर्षं.
गालाच्या हाडामागे, मज्जातंतूच्या गाठीत,
अंग चोरून बसलेलं काहीतरी.
लग्न झालं, संप झाले, एक बोट तुटलं,
दिवसाला दोनशे मेंढ्या.
कधी फार वारा सुटला तर ओठापर्यंत यायचं,
दाराशी उभं राहून बघायचं,
पहारेकरी खाकरला की माघारी.
ह्या खेपेला पहारेकरी थकलेला.
आणि सूज उतरावी म्हणून
त्याला झोपेचं औषध आम्हीच दिलेलं, माझ्याच हाताने,
सकाळ-संध्याकाळ, वेळ लिहून.

शेवटी बाटली टांगली. दर आठ तासांनी.
पहिला थेंब सुटताना मी नको ते विचारलं :
ह्याने तो मरतो का?
"नाही," डॉक्टर म्हणाले, "आपल्या जागी परत जातो. निजतो."
हे एर्मिंदाला सांगायचं माझं काम नव्हतं.
सांगितलं.
तिने कोटाचं वरचं एक बटण काढलं.

सोळावी रात्र. प्राणवायू साठवरून पन्नासवर.
औषधामुळे असेल, पालथं निजवल्यामुळे असेल,
दिवसांमुळेही असेल. डॉक्टर काहीच बोलत नाहीत,
मीही लाकडाला हात लावते.
ओठावर आता खपली धरलीय, तपकिरी,
शिंपल्याच्या कडेसारखी खरखरीत.
ओला बोळा घेऊन मी तिच्याभोवतीने पुसते.
ती ओढायची नसते.
ती तिची पडेल.